चुलीचं कलम

मी एक खेचर. वडील गाढव, आई घोडी. आमच्या जातीला पुढे पोरंबाळं होत नाहीत, त्यामुळे वारसा, वाटणी, हिस्सा असल्या भानगडींशी माझा काडीचा संबंध यायला नको होता. पण सगळा जन्म गेला तो त्यातच. आणि तुम्ही एखादी गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवते. मी रागावलेली आहे आणि हा राग सोडायचा माझा विचार नाही.

माझा जन्म डोंगरातल्या एका गावात झाला. कान वडिलांवर गेले, पाय आईवर, आणि स्वभाव कुणावर गेला ते दोघांनीही कबूल केलं नाही. कळती झाले तशी एका म्हाताऱ्या मालवाहू माणसानं मला घेतलं. पीठ, मीठ, रॉकेलचे डबे, लग्नाचे पलंग, सगळं वाहिलं मी. म्हातारा तोंडाचा फाटका होता, पण माझ्या पोटाला घातल्याशिवाय स्वतः जेवत नसे.

तो गेला आणि माझे ग्रह फिरले. त्याला दोन मुलगे. गाव त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचं, तेच मीही म्हणते. वाटण्या झाल्या. जमीन मधोमध कापली, भांडी वाटली, कुंपणाचे खांबसुद्धा वाटले. घर एकच राहिलं, चुली दोन झाल्या. शेवटी माझ्यापाशी येऊन दोघे थबकले. मला मधोमध कापता येईना. थोरल्याच्या मनात तो विचार आलाच नसेल, असं मी म्हणणार नाही. अखेर ठरलं, की खेचर सामाईक. एक आठवडा याचं, एक आठवडा त्याचं.

म्हणजे काय झालं ते ऐका. थोरला आपल्या आठवड्यात माझ्याकडून दुप्पट काम काढायचा आणि म्हणायचा, "परवा तिकडे जाणारच आहे, तो घालेल पोटाला." धाकट्याकडे गेले, की तो म्हणायचा, "कालच खाऊन आली असेल की!" दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण ज्यानं काढली त्यानं माझ्या बरगड्या मोजल्या असाव्यात.

मला जगवलं ते धाकट्याच्या बायकोनं. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमचा आठवडा असो नाहीतर भाऊजींचा. तिचं पोट एकच आहे." तेव्हापासून थोरल्याच्या आठवड्यातही ती गुपचूप माझ्यापुढे पेंढा टाकायची. बोलायची फारसं नाही. कान मात्र खाजवायची, अगदी मुळाशी, जिथे माझा मला पाय पोचत नाही तिथे.

एका हिवाळ्यात धाकटा तापानं गेला. तेराव्या दिवसाचीही वाट न बघता थोरला दारात उभा राहिला. "आता तुझं इथे काय? माहेरी जा."

"माझी चूल इथे आहे," धाकटी म्हणाली.

आमच्या प्रांतातली ही जुनी चाल. ज्या बाईनं नवऱ्यामागे घरातली आपली चूल पेटती ठेवली, तिला त्या घरातून कुणी हलवायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला वाटली नव्हती. पण राजधानीनं सगळ्या देशासाठी एकच कायद्याचं पुस्तक काढलं होतं आणि त्यात चूल नव्हती. थोरल्याला कुणीतरी ते पुस्तक दाखवलं. तो कोर्टात गेला.

कोर्टात मलाही नेलं. वादातली वस्तू म्हणून! कारकुनानं माझ्या मानेत चिठ्ठी अडकवली आणि मला व्हरांड्याच्या खांबाला बांधलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला. वस्तू असं करत नाहीत, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

तिथेच मी प्राध्यापकांना पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ते कॉलेजात नुकतेच लागले होते. काठीसारखे बारीक, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आमच्या चालीरीतींचा अभ्यास करणारा प्रांतात हा एकच माणूस, म्हणून धाकटीच्या वकिलानं त्यांना साक्षीला बोलावलं होतं.

न्यायाधीश म्हणाले, "ही रूढी कुठे लिहिली आहे?"

"कुठेच नाही. सगळ्यांना पाठ आहे."

"मलाही पुष्कळ गाणी पाठ आहेत," न्यायाधीश म्हणाले. "त्यावर मी निकाल देत नाही."

कोर्ट हसलं. थोरला सगळ्यात मोठ्यानं हसला. प्राध्यापकांचे कान लालभडक झालेले मला व्हरांड्यातून दिसले. घर थोरल्याला मिळालं. धाकटीला तिची भांडी मिळाली. आणि माझा लिलाव करून पैसे वाटून घ्या, असा हुकूम झाला.

लिलावात थोरला मला एकट्यासाठी घ्यायला टपलेलाच होता. प्राध्यापकांनी मध्येच बोली लावली आणि चढवत नेली. माणूस चिडला, की हिशेब बघत नाही. मला सोडवून त्यांनी माझी दोरी धाकटीच्या हातात ठेवली. "घ्या. तुमचीच आहे."

तिनं दोरी परत केली. "मास्तर, मला दान नको होतं. हक्क पाहिजे होता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खेचर तुम्हीच ठेवा. आणि जा गावोगाव. लिहून काढा सगळं. म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कुणी हसणार नाही."

ती तालुक्याच्या गावी निघून गेली आणि एका लॉजच्या चादरी धुवायला लागली. मी प्राध्यापकांच्या घरी आले.

घरी त्यांच्या बायकोनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, तुम्ही साक्ष द्यायला गेला होता ना?"

"हो."

"मग हे काय?"

"हे... खेचर आहे."

"ते दिसतंय मला," ती म्हणाली. "तुमच्या दोघांत जास्त हट्टी कोण, ते आता बघायचं." आणि तिनं माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवली. त्या बाईवर मी कधी रागावले नाही. असा माणूस माझ्या आयुष्यात एखाददुसराच.

मग आमची वर्षानुवर्षं पायपीट सुरू झाली. कॉलेजला सुट्टी लागली, की माझ्या पाठीवर कागदाचे गठ्ठे, अंथरूण, औषधाची पेटी, आणि आम्ही डोंगरात. सुरुवातीला प्राध्यापक गावात शिरून विचारायचे, "तुमच्याकडे वारसाचा कायदा काय आहे?" लोक घाबरून म्हणायचे, "छे छे, आमच्यात असला कायदा-बियदा नाही हो." मग ते शहाणे झाले. विचारायला लागले, "सून विधवा झाली तर झोपते कुठे? शेजाऱ्याच्या झाडाचं फळ तुमच्या अंगणात पडलं तर कुणाचं? म्हातारीला सांभाळलं एकीनं आणि घर मागितलं चौघांनी, तर काय करता?" असं विचारलं, की मुकी माणसंसुद्धा बोलायची. भांडणं लागायची. संध्याकाळपर्यंत आम्हाला गाव सोडता येत नसे.

एकदा ते नदी ओलांडताना घसरले आणि माझा पाय धरूनच काठाला लागले. अडला हरी गाढवाचे पाय धरी! वडील असते तर धन्य झाले असते. वाटेत ते मला कलमं म्हणून दाखवायचे. गाढवापुढे वाचली गीता म्हणून लोक हसतात. हसू देत. गाढवाच्या लेकीनं ती ऐकली आणि लक्षातही ठेवली. कॉलेजातली पोरं त्यांना 'खेचरशास्त्री' म्हणायला लागली. एका सहकाऱ्यानं तर त्यांच्या खुर्चीवर पेंढा ठेवला. प्राध्यापकांनी तो गोळा केला आणि घरी आणून मला घातला. चांगला होता.

आणि मग तो दिवस आला. राजधानीनं परवानगी दिली, की प्रांताला हवा असेल तर त्यानं आपला नागरी कायदा लिहून द्यावा. समिती नेमली. मोठे वकील, दोन जमीनदार, एक निवृत्त न्यायाधीश, आणि मसुदा लिहायला प्राध्यापक. बैठका कॉलेजच्या तळमजल्यावर व्हायच्या. मला खिडकीखाली बांधलेलं असे. उन्हाळा, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि माझे कान तर तुम्हाला सांगितलेच आहेत.

एकेक कलम पुढे सरकत होतं. झाडाचं झालं, पायवाटेचं झालं, पाण्याचं झालं. मग प्राध्यापकांनी वाचलं, "सामाईक जनावर ज्याच्या ताब्यात असेल, त्यानं आधी त्याला पोटभर चारा द्यावा, मगच काम घ्यावं."

जमीनदारांपैकी एक म्हणाला, "हे तर बाहेरच्या बाईसाहेबांचं कलम दिसतंय!" सगळे हसले. कौतुकानं हसले. एकही हात विरोधात गेला नाही. मी खिडकीखाली उभी राहून ऐकत होते. खोटं कशाला बोलू? छाती फुगली माझी.

लगेच पुढचं कलम चुलीचं. "ज्या स्त्रीनं पतीच्या पश्चात घरात आपली चूल पेटती ठेवली असेल, तिला त्या घरातून कोणी काढू शकणार नाही."

हसू थांबलं. खुर्च्या करकरल्या. एक म्हणाला, घरं फुटतील. दुसरा म्हणाला, बायका डोक्यावर बसतील. तिसऱ्याला एकदम राजधानीची काळजी वाटायला लागली. हात वर करा म्हटल्यावर प्राध्यापक सोडून सगळे हात विरोधात.

पोटभर चारा मिळण्याचा हक्क मला हसतखेळत मिळाला होता. ज्या बाईनं मला चारा घातला, तिला घरात राहायचा हक्क द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. माझी फुगलेली छाती तिथल्या तिथे फुटली. तो राग अजून गेलेला नाही.

अध्यक्ष, म्हणजे समितीतले ते निवृत्त न्यायाधीश, फार गोड आवाजात म्हणाले, "प्राध्यापक, मुदत संपत आली. मसुदा एकमतानं गेला नाही तर राजधानी तो बासनात बांधेल. एका चुलीपायी सगळं घर जाळणार का? तीन शब्द घाला. 'ज्येष्ठाची संमती असल्यास.' तुमचं कलमही राहील, यांचा मानही राहील."

मग लेखणीची कुरकुर ऐकू आली.

प्राध्यापक बाहेर आले तेव्हा लोक त्यांचे हात हातात घेत होते. प्रांताला स्वतःचा कायदा मिळाला होता! ते माझी दोरी सोडायला वाकले आणि मी त्यांच्या कोटाची बाही दातांनी टरकावली. मग रस्त्यात बसले. एक पाऊल पुढे टाकलं नाही. सगळं गाव बघत होतं.

घरी बायकोनं बाही शिवायला घेतली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धाकटीला तुम्ही जाऊन सांगायचं. पेपरात वाचून कळायला नको तिला."

"कसं सांगू?"

"लिहिलंत कसं? तसंच."

आम्ही तालुक्याला गेलो. ते माझ्यावर बसले नाहीत, मीही बसू दिलं नसतं. लॉजच्या मागच्या अंगणात ओल्या चादरी वाळत होत्या. धाकटीचे हात कोपरापर्यंत सोडा लागून पांढरे झाले होते. प्राध्यापकांनी कलम वाचून दाखवलं, तीन शब्दांसकट.

ती म्हणाली, "थांबा. म्हणजे भाऊजी हो म्हणाले, तर मला कुणी काढणार नाही?"

"हो."

"मास्तर, भाऊजी हो म्हणत असते तर मी कोर्टात कशाला आले असते?" तिनं चादर पिळली. "हे असं तर न लिहिताच होतं. तुम्ही लिहून पक्कं केलंत."

"बाकीची तीनशे कलमं तरी त्यामुळे वाचली," प्राध्यापक हळूच म्हणाले.

"वाचली ना? मग त्यांच्या घरी जा. माझ्या दारात काय करताय?"

परतीच्या वाटेवर एका वळणावर ते दगडावर बसले आणि चष्मा काढून रडले. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. मला दया आली का? आली. पण राग खाली उतरला नाही. दोन्ही एकाच पाठीवर वाहता येतात. मी खेचर आहे, मला विचारा.

त्यानंतर लोकांनी त्यांना शाली दिल्या, त्यांचं पुस्तक कॉलेजात लागलं. त्यांनी मात्र दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर तेच तीन शब्द लिहायचे आणि पोरांना सांगायचं, "ही माझी चूक. हिच्यावर वाद घाला." पोरं घालायची. पोरं मोठी झाली, वकील झाली, काही न्यायाधीश झाली. कोणी कुठेही भेटलं, की प्राध्यापक विचारणार, "ते तीन शब्द कधी काढताय?" लग्नाच्या पंगतीत विचारलं, स्मशानात विचारलं. लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले. त्यांचे केस पिकले, माझ्या तोंडावरचेही पिकले. शेवटी या कटकटीला कंटाळूनच असेल, पण कायदा दुरुस्त करायला पुन्हा समिती बसली. तीच खोली, तीच खिडकी, अध्यक्षही तेच. फक्त आता त्यांना दोघांनी धरून खुर्चीत बसवावं लागत होतं.

या वेळी प्राध्यापक एकटे आले नाहीत. धाकटीला घेऊन आले. तिला आणायला ते किती खेपा तालुक्याला गेले, ते माझ्या खुरांना माहीत.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मला काही नको," धाकटी म्हणाली. "माझं घर गेलं, माझं वय गेलं. तुम्ही कायदा बदललात तरी मला मागचं काही मिळत नाही, हे मास्तरांनी सांगितलंय."

"मग आलात कशाला?"

"एक विचारायला आले. बाहेर खिडकीखाली ते खेचर उभं आहे ना, त्याला मी चारा घालायचे. तुमच्या कायद्यात त्याचा चारा लिहिलाय. तो देताना कुणाची संमती लागते?"

आत कागदांची चाळवाचाळव सुरू झाली.

"कुणाची लागते, सांगा ना. मोठ्या भावाची? गावच्या पाटलाची?"

"नाही लागत," एक तरुण सभासद म्हणाला. फळ्यावरच्या त्या तीन शब्दांपुढे तो कधीतरी बसलेला असणार.

"मग मला का लागते?" तिचा आवाज चढला. "मी त्याच गोठ्याच्या पलीकडे राहत होते. तेच शेण मी काढलं, तेच पाणी मी ओढलं. त्याला पोट आहे हे तुम्हाला दिसलं. मला डोकं टेकायला जागा लागते, हे दिसायला तुम्हाला इतकी वर्षं लागली? मास्तर म्हणाले, काय वाटतं ते सांगा. संताप वाटतो मला. दुसरं काही वाटत नाही."

हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. किती वर गेले ते आता माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना खिडकीतून दिसत नव्हतं. पण प्राध्यापकांचा हुंदका ऐकू आला आणि मग कुणीतरी मोठ्यानं वाचलं, "तीन शब्द वगळण्यात यावेत."

धाकटी बाहेर आली, माझे कान मुळाशी खाजवले आणि म्हणाली, "म्हातारी झालीस गं." मग लॉजवर निघून गेली. सत्कारासाठी थांबली नाही.

पुढची गंमत मात्र ऐकाच. नव्या कलमावर पहिला दावा आला तो थोरल्याच्याच घरातून. त्याचा मुलगा गाडी दरीत कोसळून गेला आणि थोरल्यानं सुनेला सांगितलं, माहेरी जा. सून शिकलेली. ती म्हणाली, "मामंजी, मी चूल पेटती ठेवलीय. जाणार नाही." कोर्टात गेली आणि तारखांचा खेळ न होता जिंकली. निकालानंतर तिनं काय करावं? ती तडक तालुक्याला गेली आणि धाकटीला म्हणाली, "काकू, चला घरी. माझ्या चुलीवर दोघींचं शिजेल."

तो दिवस बघायला प्राध्यापक गेले. मला चढ झेपत नव्हता, त्यांनाही नाही. एकमेकांना टेकत पोचलो. थोरला ओट्यावर बसला होता, वाकलेला, हातात काठी. धाकटीला बघून ओरडला, "कुणाला विचारून आत चाललीस?"

धाकटीनं उंबऱ्यात चपला काढल्या. त्याच्याकडे बघितलंही नाही. सुनेनं दार उघडं धरलं होतं, ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. थोडा वेळ गेला आणि धुराड्यातून धूर निघाला.

प्राध्यापक त्याच हिवाळ्यात गेले. शोकसभा झाली. भाषणांत त्यांना प्रांताच्या कायद्याचे जनक म्हणाले. त्यांची बायको उठली आणि म्हणाली, "त्यांच्या चुकीबद्दल कुणीच बोललं नाही. ते असते तर भर सभेत तुम्हाला विचारलं असतं, का नाही बोललात म्हणून." आणि खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवायच्या नव्हत्याच.

आता मी कॉलेजच्या आवारात मोकळी असते. दात गेले, गुडघे गेले, डोळ्यांवर पडदा आला. प्राध्यापकांची बायको रोज कण्या भिजवून आणते. ती माझ्यापाशी बसून पेपर वाचते आणि मध्येच एखाद्या मंत्र्याला शिवी देते. मुलं माझ्याबरोबर फोटो काढतात. काढू देते.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कायदा करणारे गोड बोलायला लागले, की कान टवकारा. मोठ्या शब्दांना भिऊ नका, लहान शब्दांवर नजर ठेवा. माणसाला घराबाहेर काढायला दोन-तीन लहान शब्द पुरतात.

कारण परवापासून पुन्हा समिती बसलीय. या वेळी कलम आहे परक्याच्या घरात जन्मभर राबणाऱ्या बायकांचं. मालक मेला, की वारसदार त्याच दिवशी त्यांचं गाठोडं बाहेर फेकतात, ते थांबवायचं म्हणून. मसुदा चांगला होता. आज दुपारी मी खिडकीखाली सावलीला उभी होते, तेव्हा आतून एक फार गोड आवाज आला, "तत्त्वतः मान्यच आहे हो. फक्त दोन शब्द घालू या. 'शक्य असल्यास.'"

मी ओरडले. वडिलांकडून आलेला सगळा आवाज लावून ओरडले. आतली बैठक थांबली. कुणीतरी खिडकीतून डोकावून शिपायाला म्हणालं, "ते जनावर हटवा तिथून."

हटवून बघा.